परक्या मुलखातली पुस्तकं सुचवा, पण प्रवासवर्णनं नकोत

भिशीवाली (इंदिरानगर)

नमस्कार मंडळी,

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या भिशीला पुस्तकाचं शेपूट लावून आता बरेच महिने झाले. जिची भिशी लागेल तिने पुढच्या वेळचं पुस्तक ठरवायचं आणि बाकीच्यांनी ते वाचून यायचं, असा नियम. पाळतात किती ते विचारू नका. पण चहा येईपर्यंत कोणी वाचलंय आणि कोणी नुसतं मागचं पान बघून आलंय हे बरोबर कळतं.

यंदा टूम निघाली की दर महिन्याला एक देश घ्यायचा. सुरुवात साहजिकच प्रवासवर्णनांनी झाली. 'अपूर्वाई' आणि 'पूर्वरंग' अर्ध्याजणींच्या कपाटात होतीच. मग मीना प्रभूंची 'तुर्कनामा', 'इजिप्तायन', 'गाथा इराणी' अशी ओळीने झाली. मजा आली, खोटं कशाला सांगू. पण हळूहळू कुरकुर सुरू झाली. आमच्यात एक निवृत्त सिस्टर आहेत, सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेलेली. त्या म्हणाल्या, "अगं, आपण सारखं पाहुण्यांबरोबरच हिंडतोय. बस, हॉटेल, म्युझियम, परत बस. त्या घरातली सासू सुनेला काय बोलते ते कधी ऐकायला मिळणार?"

तर अशी पुस्तकं हवीत. त्याच मातीत वाढलेल्या माणसाने लिहिलेली कादंबरी किंवा गोष्टी. मराठीत असेल तर उत्तम, हिंदी चालेल, इंग्रजी असेल तर फार अवघड नको. आमच्यात दोघी-तिघी इंग्रजी वाचतात आणि बाकीच्यांना गोष्ट सांगतात, त्यातही मजा असते. फार जाडजूड नको. आणि मुखपृष्ठावर बुरख्यातले दोन डोळे असलेलं काही कृपा करून सुचवू नका. 'नॉट विदाऊट माय डॉटर' आमचं वाचून झालंय. पकड घेतंच ते. पण त्यानंतर अर्ध्या भिशीचं इराणबद्दलचं मत जे ठरलं ते 'गाथा इराणी'नेही हललं नाही.

'पाडस', 'चौघीजणी', 'एका कोळियाने', 'एक होता कार्व्हर' ही सगळ्यांची शाळा-कॉलेजात झालेली. म्हणजे अमेरिका आणि क्युबा खात्यावर जमा आहेत. आफ्रिका, अरब मुलूख, चीन, जपान, रशियाकडचं काही सांगा. आणि का आवडलं ते दोन ओळी तरी लिहा. नुसती नावं गूगलही देतं.

गोदाकाठ

ताई, जपानसाठी डोळे मिटून 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी यांनी स्वतःच्या शाळेची गोष्ट लिहिली आहे. मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांचा, आणि नॅशनल बुक ट्रस्टचं असल्यामुळे खिशालाही जड नाही.

खोड्यांपायी पहिलीतच शाळेतून काढलेली मुलगी नव्या शाळेत येते. ही शाळा भरते आगगाडीच्या जुन्या डब्यांत. मुख्याध्यापक कोबायाशी आईला घरी पाठवतात आणि मुलीला म्हणतात, बोल, तुला काय सांगायचंय ते सांग. चार तास ऐकत बसतात. मधल्या सुट्टीत प्रत्येकाच्या डब्यात थोडं समुद्रातलं आणि थोडं डोंगरावरचं असायलाच हवं, हा त्यांचा आग्रह. ज्याच्या डब्यात एक नसेल त्याला मुख्याध्यापकांची बायको पातेल्यातून वाढते. माझ्या मुलीने हे वाचल्यावर नाशकात समुद्रातलं काय मिळतं म्हणून बाजारातून सुका जवळा आणायला लावला होता. घरभर वास. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात शाळा जळाली, तेही पुस्तकात आहे, पण रडारड नाही.

आणि सार्वजनिक वाचनालयात एकदा चक्कर मारा. १८४० पासूनची संस्था आहे, अनुवादांची कपाटं नीट बघायला अख्खी दुपार लागते. नाहीतर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'वाल्यांकडे पुस्तकांच्या पेटीची चौकशी करा. अख्ख्या भिशीला पुरेल.

बागाईतदार (निफाड)

ताई, देशांची यादी करूच नका, असं सांगायला आलोय. राग मानू नका.

नकाशा पुढे ठेवून पुस्तक निवडलं की वाचणाऱ्याला त्यात स्वतःचं काही सापडतंच असं नाही. मग पन्नासाव्या पानावर खूण राहते ती कायमची. त्यापेक्षा तुमच्या भिशीतल्या बायका काय काम करतात ते बघा. कोणी सिस्टर आहे, कोणी शिवण करत असेल, कोणाच्या माहेरी शेती असेल, कोणाचा नवरा प्रेसमध्ये असेल. ते काम ज्या पुस्तकात आहे ते घ्या. देश मागून येतोच, आणि चांगला लक्षात राहतो. मी तरी असंच वाचत आलो.

माझी द्राक्षबाग आहे. वाचन रात्रीचं, कारण शेतीची लाईट रात्रीची. मोटर सुरू करून पाण्याचा एक वॉल (व्हॉल्व्ह) सोडला की दुसरा फिरवेपर्यंत बसून राहायचं. शेडमध्ये क्रेट उलटा टाकायचा, डोक्याला बॅटरी लावायची आणि वाचायचं. 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' मी निव्वळ नावात द्राक्षं दिसली म्हणून उचललं होतं. जॉन स्टाइनबेक, १९३९. त्यात द्राक्षं जवळजवळ नाहीतच हो! म्हाताऱ्या आजोबाच्या तोंडी तेवढी आहेत. कॅलिफोर्नियात पोचलो की घडच्या घड तोंडावर पिळीन म्हणतो आणि बिचारा पोचतच नाही. पण पुस्तक सोडवेना.

ओक्लाहोमातली कुळं. पाऊस नाही, धुळीची वादळं, कर्ज. बँक ट्रॅक्टर पाठवते, घरासकट वावर नांगरून टाकायला. ट्रॅक्टरवर कोण, तर शेजारच्याच घरातला पोरगा, दिवसाला तीन डॉलर मिळतात म्हणून आलेला. कूळ म्हणतं, गोळी घालीन. पोरगा म्हणतो, मला घालून काय, उद्या दुसरा येईल. मग घालू कोणाला? बँकेच्या माणसाला? त्यालाही वरून हुकूम येतात. असं करत करत बंदूक कोणावर रोखायची तेच सापडत नाही. मला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. एका हंगामात एक व्यापारी माल भरून गेला आणि चेक वटला नाही. दलाल म्हणे, मी फक्त ओळख करून दिली. गाडीवाला म्हणे, मी भाड्याचा. ज्याच्या नावाचा चेक होता तो म्हणे, खातं मेव्हणा बघतो. मेव्हणा आम्ही आजवर पाहिलेला नाही.

पुढे ही माणसं कामाची हँडबिलं वाचून कॅलिफोर्नियाला जातात. एका बागेत पीच तोडायला पेटीमागे पाच सेंट मिळतात, सगळं घर खूश. मग कळतं की फाटकाबाहेर ओरडणारी माणसं संपावर आहेत, त्यांना अडीच सेंट सांगितले होते, आणि आपल्याला आत घेतलंय ते त्यांचा संप मोडायला. संप मोडतो, भाव परत अडीच. आता माझ्याकडे थिनिंगला (मणी विरळायला), डिपिंगला (घड औषधात बुडवायला) पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात. रेट ठरवायला बांधावर मीच उभा असतो. म्हणजे या गोष्टीत मी फाटकाच्या आतला माणूस. तसाच वाचला मी तो भाग, आणि पुढच्या छाटणीला टोळीच्या मुकादमाशी बोलताना जरा अवघडल्यासारखं झालं, हेही सांगतो. रेट वाढवला का? थोडा.

अख्खं पुस्तक जाड आहे, तुमच्या अटीत बसत नाही. पण मधेमधे छोटी प्रकरणं आहेत, त्यात ते कुटुंब नाहीच, नुसता मुलूख आहे. त्यातलं पंचविसावं भिशीत मोठ्याने वाचा. पीक उदंड येतं, भाव नाही. संत्र्यांच्या ढिगावर रॉकेल मारतात, बटाटे नदीत ओततात आणि उपाशी माणसांनी ते काढून नेऊ नयेत म्हणून काठावर राखणदार बसवतात. फुकट मिळालं तर विकत कोण घेणार? आपल्याकडे टोमॅटो रस्त्यावर ओतलेला सगळ्यांनी पाहिलाय. पण तो ओतणारा शेतकरीच असतो, गाडीभाडंसुद्धा निघत नाही म्हणून संतापलेला, आणि ज्याला हवा तो पिशवी भरून नेतो, त्याला कोणी अडवत नाही. हा फरक मला मोठा वाटतो. तुमची अमेरिका 'चौघीजणी'वर जमा झाली असेल तर ही दुसरी अमेरिकाही बघा एकदा.

आफ्रिकेसाठी 'थिंग्ज फॉल अपार्ट', चिनुआ अचेबे, नायजेरिया, १९५८. पातळ आहे, इंग्रजी सरळ आहे. इग्बो लोकांचा गाव, याम नावाच्या कंदावर जगणारा. आपल्या कोनफळाच्या जवळपासचं काहीतरी समजा. नायक ओकोंक्वो याचा बाप उधळ्या, हातात काही नाही. ओकोंक्वो एका बड्या शेतकऱ्याकडून बेणं वाट्याने आणतो. पिकाचा तिसराच हिस्सा याला मिळणार. आणि नेमकं त्याच वर्षी पाऊस उशिरा येतो, आला तसा जातो. जमीन इतकी तापते की हा प्रत्येक वेलाभोवती घायपाताच्या जाड पानांची कडी करून ठेवतो, म्हणजे तेवढीच ओल टिकेल. संध्याकाळपर्यंत ती पानंच करपून राखाडी होतात. आम्ही उसाचं पाचट घालतो ना बुडाशी, तेच. फेब्रुवारीत ऊन तापलं की मी अजून सकाळी पहिलं पाचट उचकून बघतो, तेव्हा हा ओकोंक्वो आठवतो. मग राहिलेलं बेणं लावतो, तर धो धो पाऊस लागतो आणि सगळं वाहून जातं. त्या हंगामात गावातला एक शेतकरी झाडाला गळफास घेतो. हे अचेबे एका वाक्यात सांगून पुढे जातो, नावसुद्धा देत नाही. मी तिथे पुस्तक ठेवून वॉल फिरवायला गेलो होतो.

सगळं असं काळवंडलेलं नाहीये बरं का. टोळधाड येते आणि अख्खा गाव आनंदाने नाचतो! रात्री गोळा करतात, भाजतात, वाळवतात, पामतेलाबरोबर खातात. आमच्या आजीने टोळधाडीच्या नुसत्या आठवणीने कपाळाला हात लावला असता. इंग्रज आणि मिशनरी येतात ते बरंच नंतर, आणि तोवर तुम्ही त्या गावचे झालेले असता.

चीनसाठी पर्ल बकचं 'द गुड अर्थ', १९३१. जमिनीचं वेड म्हणजे काय ते तिथे बघा. वांग लुंग जमीन घेत सुटतो आणि बायको ओ-लान बाळंत होऊन त्याच दिवशी परत वावरात येऊन उभी राहते. तुमच्या सिस्टरना दाखवा तो प्रसंग आणि त्या काय म्हणतात ते कळवा.

सायली (कॉलेज रोड)

दादा, अचेबेला माझं पूर्ण अनुमोदन. पण 'द गुड अर्थ' ताईंच्या पहिल्याच अटीत नापास होतं. पर्ल बक अमेरिकन मिशनऱ्यांची मुलगी. वाढली चीनमध्ये हे खरं, पण म्हणजे पुन्हा पाहुण्याबरोबरच हिंडणं झालं.

चीनसाठी लू शुन वाचा, त्याच्या लघुकथा. 'कोंग यीजी' नावाची एक आहे, १९१९ सालची, जेमतेम काही पानांची. गावच्या दारूच्या गुत्त्यात गरीब लोक उभ्याने पितात आणि लांब झग्यातले शिकलेले आत बसून. कोंग यीजी एकटाच असा की झगा लांब, पण पितो उभ्याने. परीक्षा कधी पास झाला नाही, काम येत नाही, पुस्तकं चोरतो, आणि पकडला की म्हणतो, पुस्तकं उचलणं म्हणजे काही चोरी नव्हे. सगळे हसतात. सांगणारा आहे गुत्त्यावर कामाला असलेला पोरगा, तोही हसतो. शेवटी त्या माणसाचे पाय मोडलेत, हातांवर सरकत येतो, आणि मालकाला आठवण कशाची, तर फळ्यावर राहिलेल्या एकोणीस पैशांच्या उधारीची. एमपीएससीची तयारी करत वर्षानुवर्षं अभ्यासिकेत बसलेली मुलं माझ्या ओळखीत आहेत. मला ती गोष्ट दुसऱ्यांदा वाचवली नाही. इंग्रजी अनुवाद सहज मिळतात.

आणि केनियासाठी न्गुगी वा थिओंगोची 'वीप नॉट, चाइल्ड', १९६४. शाळेची आस लागलेला मुलगा आणि इंग्रजांविरुद्धच्या माऊ माऊ उठावाची धामधूम. त्यात गावातले भारतीय दुकानदारही आहेत. काउंटरच्या पलीकडून आपण कसे दिसतो हे बघायला मिळतं. फार छान दिसत नाही.

बागाईतदार (निफाड)

सायली, अट मान्य. पण आमच्याकडे घरजावयालाही सातबारा सोडून सगळं मिळतं. बाई चाळीसएक वर्षांची होईपर्यंत बहुतेक काळ तिथेच राहिली, भाषा तिला लहानपणापासून येत होती. ओ-लानने दडवून ठेवलेले दोन मोती नवरा मागून घेतो आणि दुसरीला देतो, ती पानं कोणी पाहुणी म्हणून लिहिली असं मला काही वाटलं नाही. कोंग यीजी मात्र शोधतो. एवढी छोटी गोष्ट असेल तर एका वॉलमध्ये होईल.

जुना ओझरकर

रशिया कोणी घेतला नाही म्हणून लिहितो. मी एचएएलमधून निवृत्त झालो. ओझरचा कारखाना १९६४ मध्ये मिग विमानांसाठी उभा राहिला, रशियन तज्ज्ञ यायचे, त्यामुळे आम्हाला त्या लोकांचं कुतूहल भारी. लोकवाङ्मय गृहाची प्रदर्शनं लागायची तिथून सोव्हिएत पुस्तकं आणायचो. पुठ्ठ्याची बांधणी, रंगीत चित्रं, आणि किंमत इतकी कमी की बायको म्हणायची, रद्दीत यापेक्षा जास्त येतील.

'देनिसच्या गोष्टी' माझ्या दोन्ही मुलांनी पाठ केल्या होत्या. व्हिक्टर द्रागुन्स्कीचा हा देनिस मॉस्कोतला पोरगा. एका गोष्टीत रव्याची लापशी नको म्हणून खिडकीबाहेर ओततो, रिकामी वाटी आईला दाखवतो, आणि थोड्या वेळाने दारात पोलीस उभा. बरोबर एक गृहस्थ, टोपीवरून लापशी ओघळतेय. राजकारणाचा मागमूस नाही. रशिया म्हटलं की हजार पानं आणि बर्फच असं ज्यांना वाटतं त्यांना आधी हे द्या.

मोठ्यांसाठी चिंगीज ऐतमातोव. हा किरगीझ, म्हणजे तुमच्या वहीत किरगिझस्तान असा आणखी एक देश चढेल. 'पहला अध्यापक' हिंदीत आहे, लहानशी आहे. दुइशेन नावाचा जेमतेम लिहिता-वाचता येणारा सैनिक टेकडीवरच्या पडक्या तबेल्यात शाळा काढतो. गोठवणाऱ्या ओढ्यातून पोरांना पाठीवर आणि कडेवर घेऊन अनवाणी पार करतो आणि घोड्यांवरून जाणारे सुखवस्तू लोक त्याला हसतात. भिशीत कोणी शिक्षिका असतील तर बागाईतदारांच्या हिशेबाने हे त्यांचं पुस्तक.

येवलेकर

बागाईतदार भाऊंचा हिशेब पटला. आम्ही पैठणीवाले, पण मी पुस्तक पकडलं ते पतंगामुळे. 'द काइट रनर', खालेद होसैनी, २००३. लेखक काबूलमध्ये जन्मलेला. मराठीत मिळतं.

काबूलला हिवाळ्यात बर्फामुळे शाळा बंद आणि पोरं पतंगावर. दोऱ्याला काच लावायची, वाळवायचा, गुंडाळायचा, बोटं कापून घ्यायची. शेवटी आकाशात एकच पतंग उरेपर्यंत काटाकाटी. आणि शेवटचा कापलेला पतंग जो पळत जाऊन धरेल त्याचा मान सगळ्यात मोठा. हे वाचताना मला एकही गोष्ट समजून घ्यावी लागली नाही. फक्त आमच्याकडे दोरा गुंडाळायची आसारी असते, हलकडीचं वाद्य वाजतं आणि भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस घरात कोणी जेवायला खाली उतरत नाही. पतंगाच्या दिवशी गल्लीत जे घडतं ते मात्र जड आहे. लहान मुलावरचा अत्याचार आहे, ताईंनी आधी सांगून ठेवावं. पुढचा अमेरिकेतून परत जाण्याचा भाग मला जरा सिनेमासारखा वाटला. पहिला अर्धा मात्र सोन्यासारखा.

वाड्यातली आत्या

मी फार लिहीत नाही इथे. पण अरब मुलूख राहिला म्हणून.

नगीब महफूज, इजिप्तचे, १९८८ चं नोबेल. त्यांच्या कैरोच्या तीन कादंबऱ्या आहेत, १९५६-५७ मधल्या. पहिलीचं इंग्रजी नाव 'पॅलेस वॉक'. जाड आहे, आधीच सांगते, पण सिस्टरबाईंना सासू-सून ऐकायची आहे ना, मग दुसरं पुस्तक शोधू नका.

१९१७ चा सुमार. अमीना ही घरची बाई रोज मध्यरात्री आपली आपण जागी होते, कारण नवरा त्या वेळी घरी येतो. दिवा घेऊन जिन्यात उभी राहते, त्याला पायऱ्या दिसाव्यात म्हणून. तोवर लाकडी जाळीच्या सज्जातून रस्ता बघते. बाकी जग तिने त्या जाळीतूनच पाहिलंय. नवरा घरात वाघ आणि बाहेर गाण्याबजावण्याच्या बैठकीत सगळ्यात गमत्या माणूस. दोन्ही खरं. मला तो खोटा वाटला नाही, असे दोन-तीन पुरुष मी आमच्याच वाड्यात पाहिलेत.

एकदा नवरा परगावी जातो आणि मुलं आईला भरीस घालतात की चल, हुसेनच्या मशिदीत जाऊन ये. घरापासून हाकेवर आहे आणि तिने कधी पाहिलेली नाही. जाते. येताना मोटारीचा धक्का लागतो, खांद्याचं हाड मोडतं, म्हणजे लपवायची सोय राहिली नाही. नवरा तिला बरी होईस्तोवर काही बोलत नाही. बरी झाली की सांगतो, माहेरी जा. हे 'बरी होईस्तोवर थांबला' आहे ना, तिथे मी फार वेळ अडले. त्याला वाटतं आपण किती न्यायाने वागलो.

आमचा वाडा सराफ बाजाराच्या अंगाला होता. आजी रोज पहाटे गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जायची, कार्तिकात दिवे सोडायची, काळारामाला जायची. तिला अडवलं असं कधी कोणी नाही. पण मेनरोड, जो तिथून पाच मिनिटांवर, तिथे ती एकटी कधी गेली नाही. जायचंच नसतं, एवढंच ठाऊक. अमीनाला मशीद मना होती आणि आजीला बाजार, एवढा फरक.

पुढे १९१९ चं आंदोलन येतं आणि इंग्रज शिपाई घरासमोरच तळ ठोकतात. ते सांगत नाही, वाचा.

भिशीवाली (इंदिरानगर)

अहो केवढं लिहिलंत सगळ्यांनी! काल बैठकीत फोनवरून वाचून दाखवलं, त्यात भिशीची चिठ्ठी काढायचीच राहून गेली.

बागाईतदार, तुमच्या म्हणण्याप्रमाणे बायकांची कामं लिहून काढली. एक नोट प्रेसमधून निवृत्त, एक ब्लाउज शिवते, एक गणिताची शिक्षिका, एकीचं माहेर पिंपळगावचं, द्राक्षवाल्यांचं. पिंपळगाववालीने पंचविसावं प्रकरण तिथेच मागून घेतलं. तिच्या भावाचेही पैसे असेच एका मेव्हण्याकडे अडकलेत म्हणे. तोच मेव्हणा निघाला तर कळवते. सिस्टरना ओ-लानचा प्रसंग सांगितला. त्या म्हणाल्या, "त्याच दिवशी वावरात? लिहिणारीला विचारा, टाके कोण बघणार होतं?" पण पुस्तक त्यांनीच पहिलं नेलं. तेव्हा सायली, चीनमध्ये दोन्ही ठेवलीत, बक आणि लू शुन. भांडण भिशीतच होऊ दे.

शिक्षिकाबाईंना दुइशेन गेला. लहानगी नातवंडं असलेल्यांनी 'तोत्तोचान' आणि देनिस वाटून घेतले. ओझरकर काका, देनिस कुठे मिळत नाहीये, तुमची प्रत झेरॉक्सला द्याल का? जपून आणते.

शिवणकामाचं मात्र काही सुचलं नाही कोणाला. कापडाची, शिंप्याची, विणकराची एखादी परदेशी कादंबरी असेल तर अजूनही सांगा. ती बाई रुसून बसलीय की माझंच काम कोणत्या देशात नाही का.

आत्या, 'पॅलेस वॉक' जाड असूनही एकमताने मंजूर. दोन महिन्यांत करू. तुमच्या वाड्याचा मजकूर वाचताना प्रेसवाल्या काकू म्हणाल्या की यांनाच एकदा बोलवा. याल का?

आणि येवलेकर, 'काइट रनर' आम्ही मुद्दाम जानेवारीत लावलंय. संक्रांतीला दहा-बारा जणी येवल्याला आलो तर गच्चीवर जागा आहे का?

येवलेकर

या की ताई. गच्ची दगडी आहे, बारा काय वीस चढा. फक्त बोटांना लावायला चिकटपट्टी आपापली आणा, आणि कोणी नायलॉनचा मांजा आणला तर खालूनच परत पाठवीन. शिवणवाल्या बाईंना मुद्दाम घेऊन या, शेजारीच माग आहे, पैठणी विणताना दाखवतो.